जोर किती चाकांना

वतय्याच्या शोरूममध्ये संगमरवरावर उभी असते ती,
लांबलचक, काळी,
जमीन आणि पोट यांत वीतभरही अंतर नाही.
दार लावावं लागत नाही,
ते स्वतःच मिटतं, कुजबुजल्यासारखं.
जोर मागच्या दोन चाकांना.
पुढची दोन नुसती दिशा दाखवतात,
साहेब लोकांसारखी.

हमूद अल-रियामी तिच्याभोवती तीनदा फिरले,
चौथ्यांदा वाकले, खाली पाहिलं,
विचारलं, चारही चाकांना जोर असलेली येत नाही का?

फादी हसला, दात आधी, डोळे मागून.
ते बर्फाच्या देशांसाठी, म्हणाला.
आपल्याकडे बर्फ लिंबाच्या सरबतात.
वाळूत जायचं तर जीप आहे, ती काय बाजूलाच.
ही रस्त्याची गाडी,
आणि आपला रस्ता इस्त्री केलेला.

मग मला वर्कशॉपमधून बोलावलं.
मी मुकादम, आडनावानं आणि कामानंही,
दापोलीचा, एकोणीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली.
खरं तर मीही तेच म्हणालो असतो:
आणखी एक शाफ्ट, आणखी एक डिफरन्शियल,
माणसाएवढं जास्तीचं लोखंड रोज वागवायचं,
पेट्रोल जास्त,
चारही टायर सारखे झिजले नाहीत तर आतून कुरकुर.
कशासाठी?

हमूदनी कुम्मा काढून मांडीवर ठेवला.
आई वर असते, म्हणाले. सैकला.
डाळिंबं सोडून खाली राहायला येत नाही.
बिरकत अल-मौझच्या पुढे घाट,
तिथं पोलीस वाकून बघतो,
चारही चाकांना जोर नसेल तर परत फिरवतो.
बरोबर आहे त्याचं.
उतारावर ब्रेक जळाल्याचा वास मी घेतलाय.
जीप आहे माझ्याकडे. दोन आहेत.
पण तिचे गुडघे.
जीपपाशी ती उभी राहते,
एक हात दाराला, एक माझ्या खांद्याला,
आणि म्हणते, उद्या जाऊ.
डॉक्टर मस्कतला, उद्या.
असे चौदा महिने.
नातवांनी स्टूल ठेवलं, तर लाथाडलं.
मी काय गवताची पेंढी आहे, म्हणाली,
उचलून गाडीत भरायला?

बोलता बोलता त्यांनी सीटची उंची मोजली,
टेप नव्हे, स्वतःचा गुडघा लावून.

फादीनं मला डोळ्यानं खुणावलं: समजाव.
मी काय समजावणार.
आमच्याकडे म्हणतात, संसाराच्या गाड्याला दोन चाकं पुरतात.
माझं एक इथं, एक दापोलीत,
मधे सगळा समुद्र,
आणि गाडा चाललाय.
कुठल्या चाकाला जोर आहे ते खैरुनला विचारायला हवं,
मी अजून विचारलेलं नाही.

फॉर्म घेतला, ग्राहकाच्या मागणीचा, कंपनीला जातो तो.
कारणासाठी चौकटी होत्या:
बर्फ. वाळू. वेग. इतर.
'इतर'वर खूण केली.
पुढे दोन बोटं जागा.
लिहिलं, गुडघे.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं.
आखाती बाजारात या पर्यायाला मागणी आढळत नाही.
आभार. सही छापील.

त्या शुक्रवारी वर्कशॉप बंद असताना
मी हमूदच्या जुन्या जीपखाली शिरलो.
एक फळी वेल्ड केली, अगदी जमिनीलगत, रुंद,
पायरीसारखी न दिसणारी.
म्हातारीला कळू नये की ती तिच्यासाठी आहे.
घाटात दगडाला लागेल कदाचित.
लागली तर लागली.

चालली का, ते माहीत नाही.
काल कुणीतरी काउंटरवर डाळिंबांची पेटी ठेवून गेलं,
चिठ्ठी नाही.
फादीनं एक फोडलं, म्हणाला, बघ, आली असणार ती खाली.
मी दाणे हातात घेऊन उभा.
डाळिंबं काय,
माणूस एकटा जाऊनही आणतो.